येणारं, जाणारं आणि अर्धं कपाळ

चौतीस वर्षं मी एका अख्ख्या शहराला पाणी पाजलं. पाणीपुरवठा खात्यात व्हॉल्व्ह फिरवणं हे माझं काम. छातीएवढी लोखंडी किल्ली खांद्यावर टाकून मी निघालो, की गल्लोगल्लीच्या बादल्या सावधानमध्ये उभ्या राहत. एकदा टाकीखालचा मोठा व्हॉल्व्ह मी जरा रागात उघडला (राग साहेबांवर होता, व्हॉल्व्हचा काही दोष नव्हता), तर तीन गल्ल्या पलीकडे एका गृहस्थांच्या नळातून वीतभर मासा बाहेर पडला. चांगला जिवंत. गृहस्थ मासा घेऊन आमच्या कार्यालयात तक्रार नोंदवायला आले. साहेबांनी आवक वहीत 'मासा, नग एक' अशी नोंद केली आणि रीतसर पोच दिली. पुढे त्या माशाचं काय झालं ते ऐकण्यासारखं आहे, पण ते मागाहून. तुम्हाला खोटं वाटत असेल तर वाटू द्या. माझ्या बायकोलाही वाटायचं, आणि तरी ती शेवटपर्यंत ऐकायची.

हे आधी सांगायचं कारण असं, की माणसानं एकदा हातात व्हॉल्व्हची किल्ली धरली की त्याला जगात जिथे तिथे व्हॉल्व्हच दिसायला लागतात. पुढे माझ्या हातून जो घोटाळा झाला त्याला मी नाही, माझं खातं जबाबदार आहे.

बायको गेल्यापासून घरात आवाज करणारे आम्ही दोघेच, मी आणि फ्रीज. तो घुर्रर्र करतो, मी 'हो' म्हणतो. त्याचं तेवढ्यावर भागतं. माझं भागत नाही. म्हणून आठवड्याचा माझा सगळा कारभार रविवारी सकाळी नऊवर बेतलेला असे. नऊ वाजता समुद्रापलीकडून लेकीचा व्हिडिओ कॉल यायचा, वीस मिनिटांचा. बाकीचा आठवडा म्हणजे त्या वीस मिनिटांची वेटिंग रूम. शनिवारी मी शर्ट इस्त्री करायचो, रविवारी सातला घोटून दाढी, साडेआठला खुर्ची खिडकीसमोर, म्हणजे तोंडावर उजेड नीट पडतो. आणि आठवडाभर मनात घोळवून ठेवलेली एखादी हकीकत तिला सांगायची. माझ्याकडे हकीकती पुष्कळ आहेत. ऐकणारी तेवढी एक उरली होती.

तर एका रविवारी लेक बोलता बोलता थिजली. तोंड उघडं, हात वर, जणू कोणी तिला 'स्टॅच्यू' म्हणून पळून गेलं होतं. मग तिच्या तोंडाचे चौकोन झाले, चौकोनांची सरमिसळ झाली आणि नाकाच्या जागी काही काळ कान आला. 'बाबा' या शब्दातला पहिला 'बा' मला मिळाला. दुसरा अजून यायचाय. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी ती म्हणाली, "बाबा, असं तुटक तुटक बोलण्यापेक्षा आपण मेसेजच करत जाऊ या का? वेळ मिळेल तसा?"

'वेळ मिळेल तसा'! चौतीस वर्षं सरकारी टेबलाच्या या बाजूला बसलेल्या माणसाला हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. 'योग्य वेळी कळवण्यात येईल' असं लिहून आम्ही ज्या फायली बांधल्या, त्यांच्यावर आज वाळवीच्या पिढ्या नांदताहेत. मी तिला म्हटलं, "मला एक महिना दे. लाइन दुरुस्त करतो."

आमच्या इमारतीत आठ बिऱ्हाडं आणि सगळ्यांत मिळून इंटरनेटची एकच लाइन. तिचा मुख्य डबा माझ्या घरात, कारण दिवसभर घरात सापडणारा एकमेव प्राणी मी. डब्याला हिरवे दिवे आहेत. त्यांच्या उघडझापीकडे मी संध्याकाळचा बघत बसतो. टीव्हीपेक्षा कथानक बरं असतं.

प्रथम मी कंपनीला फोन लावला. एक गोड आवाज म्हणाला, "आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे." असं मला कित्येक वर्षांत कोणी म्हटलेलं नव्हतं. मी फोन ठेवला आणि पुन्हा लावून ऐकलं. तिसऱ्या वेळी खरा माणूस आला. त्यानं तक्रार ऐकून घेतली, तेरा आकडी तक्रार क्रमांक दिला, आणि मी तो वहीत उतरवत होतो तेवढ्यात मोबाइलवर संदेश आला, 'आपल्या तक्रारीचे समाधानकारक निवारण झाले आहे.' एवढ्या वेगानं तर आमच्या खात्यानंही कधी कोणाला फसवलं नव्हतं. मी मनातल्या मनात टोपी काढली.

मग प्रत्यक्ष कार्यालय गाठलं. काउंटरवरच्या बाईंनी संगणकात बघून सांगितलं, "हे कनेक्शन तुमच्या नावावर नाही. इमारतीच्या सेक्रेटरींच्या नावावर आहे. त्यांना घेऊन या."

"ते वारले. दोन वर्षं झाली."

"मग त्यांचं संमतीपत्र आणा."

मी म्हटलं, "बाई, त्यांची संमती मला आहे, पण ती आणायला जायचं तर परत येता येणार नाही."

बाई हसल्या नाहीत. काउंटरच्या काचेत बोलायला जे भोक असतं त्यातून विनोद पलीकडे जात नाही, हा माझा खात्यातलाही अनुभव आहे. शेवटी त्यांनी वाट सांगितली. सेक्रेटरींच्या मोबाइलवर ओटीपी जाईल, तो आकडा मी सांगितला की काम होईल. सेक्रेटरी गेले तरी त्यांचा नंबर जिवंत होता, फक्त दुसऱ्याच्या घरी नांदत होता. मी त्या नंबरवर फोन लावला. एका बाईंनी उचलला, मी आमच्या इमारतीचं नाव सांगितलं. त्या कुठल्याशा भागात लाँड्री चालवत होत्या. मागे इस्त्रीच्या वाफेचा फस्स आवाज येत होता.

"तुम्हीच का ते?" त्या म्हणाल्या. "दोन वर्षं मला तुमच्या इमारतीचे आकडे येताहेत. मला वाटलं लॉटरी आहे."

मी सगळं सांगितलं. सेक्रेटरी वारल्याचं ऐकून त्या चुकचुकल्या, इस्त्री बाजूला ठेवल्याचा आवाज आला, आणि त्यांनी एकेक आकडा सावकाश सांगितला, जणू दुखणेकऱ्याला औषध पाजताहेत. पुढे डब्यात काही बदल करायचा म्हटला की ओटीपी लागे, आणि ओटीपी लागला की लाँड्रीवाल्या बाई. आठवड्यातून चार-चार वेळा आमचं बोलणं व्हायला लागलं. खरं सांगतो, त्यातले दोन ओटीपी मला नको होते.

इकडे इमारतीत माझ्या मोहिमेची बातमी फुटली आणि दुसऱ्या मजल्यावरचे सर्वज्ञ खाली उतरले. त्यांचं खरं नाव आता त्यांनाही आठवत नसावं. जगातल्या कुठल्याही विषयावर त्यांना मत आहे, आणि विषय जितका अनोळखी तितकं मत पक्कं.

"काका, डबा जमिनीवर? अहो, लहरी वरून खाली वाहतात. पाण्यासारख्या. तुम्हाला मी काय सांगावं!"

ही मला लागू पडणारी भाषा होती. मी स्टुलावर चढून डबा कपाटाच्या माथ्यावर ठेवला. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, मागे स्टीलचं ताट उभं करा, लहरी भिंतीत जिरतात त्या परत फिरतील. ताट उभं केलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, फ्रीज लहरी पितो, त्याला दूर सारा. मी फ्रीज ढकलत ढकलत बाहेरच्या खोलीत आणला. तो वाटभर असा कण्हत होता की मला त्याची माफी मागावी लागली. चौथ्या दिवशी ताट पडलं, ताटानं डबा पाडला, डबा माझ्या डोक्यावर पडला आणि डोक्याला टेंगूळ आलं. सर्वज्ञांनी टेंगूळ नीट निरखून सांगितलं, "बघा, म्हणजे लहरी वरून खालीच येतात." उंटावरचा शहाणा निदान उंट तरी स्वतःचा आणतो.

शेवटी केबलवाला आला. पोट सुटलेला, दोन मोबाइल बाळगणारा, दोन्ही एकाच वेळी वाजत असलेला गृहस्थ. त्यानं डबा हातात घेतला, उलटा केला, टेंगळाकडे एकदा बघितलं आणि काही न विचारता माझ्या लॅपटॉपवर एक पान उघडून दिलं.

"काका, डबा हुशार आहे. लाइन एकच, पण कुठल्या कामाला किती स्पीड द्यायचा ते तुम्ही इथून ठरवायचं. हे बघा. व्हिडिओ कॉल, सिनेमे, गेम, फायली, प्रत्येकापुढे दोन पट्ट्या. ही येणाऱ्याची, ही जाणाऱ्याची. पट्टी इकडे सरकवली की सैल, तिकडे सरकवली की आवळलं. प्रत्येक घराला वेगळं, वेळही लावता येते."

मी त्या पानाकडे बघतच राहिलो. सोळा-सतरा व्हॉल्व्ह! ओळीनं! आणि किल्लीचं ओझं नाही, चिखल नाही, बोटानं फिरवायचे. निवृत्तीला नऊ वर्षं झाल्यावर मला कोणीतरी परत कामावर घेतलं होतं.

"येणारं कळलं," मी म्हटलं. "पण हे जाणारं म्हणजे काय हो? आपल्या घरातून जातं तरी काय?"

"काही ना काही जातंच की काका," तो म्हणाला. तेवढ्यात त्याचे दोन्ही फोन वाजले, तो जिना उतरत गेला आणि त्या प्रश्नाचं उत्तर मिळायचं राहिलं.

आता इथे खात्याची एक घरगुती गोष्ट सांगणं भाग आहे. आमच्या कार्यालयात पाण्याची दोन खाती. येणाऱ्या पाण्याचं आमचं, वरच्या मजल्यावर, खिडक्या असलेलं. जाणाऱ्या पाण्याचं तळघरात. ते मलनिस्सारणवाले. त्यांचं आमचं इतकं वाकडं, की जिन्यात समोरासमोर आलो तर दोघंही भिंतीकडे बघत चढायचो-उतरायचो. आमच्या माणसाची बदली तळघरात झाली तर घरी सुतक पाळल्यासारखं वातावरण असे. येतं ते पाणी आणि जातं ते सांडपाणी, हे माझ्या रक्तात चौतीस वर्षांत भिनलेलं. चूळ भरलेलं पाणी मोठ्या नळानं कशाला घालवायचं? त्याला आपली अर्ध्या इंचाची नळी पुरे.

आणि तसं बघायला गेलं तर माझ्या घरातून जाण्यासारखं होतं तरी काय? येणारी लेक होती. ती नीट आली की झालं.

तेव्हा मी लाँड्रीवाल्या बाईंकडून आकडा घेतला, बाह्या सरसावल्या आणि कामाला लागलो. रविवारी नऊ ते साडेनऊ सगळ्या बिऱ्हाडांचं येणारं आवळलं आणि माझ्या व्हिडिओ कॉलचं येणारं सताड उघडलं. जाणाऱ्या पट्ट्या मात्र आठही बिऱ्हाडांच्या, माझ्यासकट, सातही दिवस, अगदी टोकाला नेऊन आवळल्या. पक्षपात नको. मग जिन्यात सूचना लावली, 'सर्व रहिवाशांस कळविण्यात येते की, तांत्रिक कारणास्तव लाइनीचा दाब कमी राहील. तरी रहिवाशांनी इंटरनेट जपून वापरावे व सहकार्य करावे. हुकुमावरून.' हुकूम कोणाचा ते लिहिलं नाही. चौतीस वर्षांत आम्ही कधीच लिहिलं नव्हतं, आणि कधीच कोणी विचारलं नव्हतं.

त्या रविवारी नऊ वाजता लेक पडद्यावर आली. इतकी स्वच्छ! तिच्या कानामागचा केस दिसला. डाव्या भुवईवरचा तीळ दिसला, जो तिच्या आईला त्याच जागी होता. मागे खिडकीत एक कुंडी होती, तिच्यातल्या झाडाची पानं मोजता येत होती. मोजली. अकरा.

"अगं, तू किती छान दिसतेस!" मी ओरडलोच. "मी केलं हे! सगळं मी केलं. व्हॉल्व्ह बसवले!"

ती जरा थांबून म्हणाली, "हो बाबा? अरे वा."

मग मी तिला नळातून निघालेल्या माशाची हकीकत सांगितली. ती ऐकत होती, पण हसायची जागा चुकत होती. गृहस्थ तक्रार घेऊन आले तिथे गप्प राहिली आणि मी खोकलो तिथे हसली. मी म्हटलं, परदेशात राहून विनोदबुद्धी मंदावत असेल, हवामानाचा परिणाम. शिवाय ती मधेच पडद्यावर बोट फिरवायची, कोपऱ्यात कुठेतरी बघायची आणि पाच-पाच वेळा विचारायची, "बाबा, बरे आहात ना? जेवता ना वेळेवर?" मी पाच-पाच वेळा 'हो' म्हणायचो. असे तीन रविवार गेले. मेसेजचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. मी मोहीम फत्ते झाल्याचं वहीत लिहून खाली तारीख घातली.

अशी आमची पाचही बोटं तुपात असताना पहिली ठिणगी गाण्याच्या बाईंकडे पडली. त्या माझ्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर राहतात आणि देशोदेशीच्या शिष्यांना घरबसल्या गाणं शिकवतात. एका सकाळी त्या दारात उभ्या.

"व्हॉल्व्हकाका, माझा वरचा सूर शिष्यांकडे पोहोचतच नाही हो! मी आळवते एवढी लांबलचक तान, आणि त्यांना ऐकू येते उचकी. एक मुलगी आठ दिवस उचकीच घोटतेय. काल तिच्या आईनं विचारलं, 'आता पुढची उचकी कधी देणार?'"

"दाब कमी आहे, बाई. सहकार्य करा."

"अहो, काय सहकार्य करू? मीही उचक्या देऊ?"

पाठोपाठ शेजारचे वकीलसाहेब. त्यांची सुनावणी हल्ली घरूनच असते. वर काळा कोट, खाली लेंगा. त्या दिवशी युक्तिवाद ऐन रंगात आला असता त्यांचं चित्र नेमकं डोळे मिटलेलं आणि तोंड उघडं असं थिजलं, आणि तसंच राहिलं.

"पंचवीस मिनिटं मी गर्जना करतोय," वकीलसाहेब म्हणाले, "आणि न्यायाधीश काय म्हणतात? 'वकीलसाहेब झोपलेले दिसतात. त्यांना उठवू नका, पुढची तारीख द्या.' बावीस वर्षांची वकिली काका! विरोधी पक्षाचा वकील मला फोन करून विचारतो, 'झोप झाली का?'"

मी गंभीरपणे मान हलवली आणि सूचनेखाली आणखी एक ओळ लिहिली, 'तक्रारी लेखी द्याव्यात.' आमच्या खात्यात या ओळीनं निम्मे तक्रारदार गळायचे. इथे एकही गळला नाही. दोन दिवसांत जिन्यात सभा भरली. अध्यक्षपदी सर्वज्ञ, कारण ते आधीपासून तिथे उभेच होते.

"यांच्याकडे डबा ठेवायलाच नको होता," सर्वज्ञ म्हणाले. "मी पहिल्या दिवसापासून सांगतोय."

"तुम्हीच दुसऱ्या दिवशी ताट ठेवायला सांगितलंत!" मी टेंगळाची जागा दाखवली.

"ताट तुम्ही चुकीच्या कोनात ठेवलंत."

"ताट राहू द्या हो बाजूला," गाण्याच्या बाई म्हणाल्या. "केबलवाल्याला बोलवा. तो बघून सांगेल."

केबलवाला आला. जिन्याच्या पायरीवर लॅपटॉप ठेवून, लाँड्रीवाल्या बाईंचा आकडा घेऊन त्यानं पान उघडलं. (बाई फोनवर म्हणाल्या, "आज मागं एवढी माणसं कसली? बरं आहे ना सगळं?") पान बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"काका, हे जाणारं एवढं कोणी आवळलं?"

"मी. काटकसर. जाणाऱ्याचं काय एवढं कौतुक करायचं?"

"अहो काका! वकीलसाहेबांचं तोंड कोर्टात जातं, ते जाणाऱ्यातूनच जातं. बाईंचं गाणं शिष्यांकडे जातं, तेही त्यातूनच."

जिन्यात गलका झाला. वकीलसाहेबांनी दोन कलमं सांगितली. मी म्हटलं, चूक झाली असेल तर सुधारू. चौतीस वर्षांच्या सेवेत माझ्यावर एकही शेरा नाही. आणि मग त्या गलक्यात केबलवाल्यानं अगदी साध्या आवाजात विचारलं, "आणि काका, तुमचं?"

"माझं काय?"

"तुम्ही रविवारी लेकीशी बोलता ना? तुमचं तोंड तिकडे कशातून जात होतं?"

त्याला काही दुष्टपणानं विचारायचं नव्हतं. कामाचा माणूस, त्यानं कामाचं विचारलं. पण गलका थांबला. गाण्याच्या बाई माझ्याकडे बघायला लागल्या आणि मग बघेनाशा झाल्या. सर्वज्ञांनादेखील, इमारतीच्या इतिहासात पहिल्यांदाच, काही मत सुचलं नाही.

"ती हसते मला बघून," मी म्हटलं. "दर वेळी हसते." आणि म्हणता म्हणताच ती कुठे कुठे हसली ते मला आठवलं.

तो आठवडा फार लांब होता. माझा चेहरा, चौतीस वर्षं सेवा झालेला, तीन रविवार घोटून दाढी केलेला, उजेडासमोर नीट मांडलेला, सांडपाण्याच्या लाइनीत तुंबून राहिला होता. लेकीला सरळ फोन करून विचारता आलं असतं. नाही केला. विचारलं आणि ती 'हो' म्हणाली तर काय करायचं, ते ठरत नव्हतं. डब्याचे हिरवे दिवे लुकलुकत होते. त्यातले येणाऱ्याचे कुठले आणि जाणाऱ्याचे कुठले, हे मी त्या आठवड्यात शिकलो. दोन्ही सारखेच दिसतात.

सभेचा निकाल वकीलसाहेबांनी लेखी काढला. आठ बिऱ्हाडं, आठ समान हिस्से, जादा कोणालाच नाही. आपल्या हिश्श्यात येणारं किती नि जाणारं किती, ते ज्याचं त्यानं ठरवावं. माझ्या वाट्याला जे आलं त्यात एकच गोष्ट नीट होण्यासारखी होती. एकतर लेक नीट यायची, नाहीतर मी नीट जायचो. दोन्ही अर्धं अर्धं ठेवलं तर दोघांचेही चौकोन.

रविवारी पावणेनऊला मी लाँड्रीत फोन लावला.

"आजोबा, आज दुकान बंद असतं," बाई म्हणाल्या, "पण तुमचा आकडा येणार म्हणून मोबाइल जवळच ठेवला होता. घ्या. चार, शून्य..."

आकडा घेतला. दोन पट्ट्यांवर बोट ठेवून बसलो. तिच्या भुवईवरचा तीळ आठवला. कुंडीतली अकरा पानं आठवली. आता बारावं आलं असेल. मग येणारं आवळलं आणि जाणारं सताड उघडलं. तळघराच्या पायऱ्या आयुष्यात प्रथमच उतरलो.

नऊ वाजले. पडद्यावर लेकीच्या जागी पंधरा-वीस चौकोन आले, काही तपकिरी, काही निळे. त्यातून आवाज तेवढा धड येत होता.

"बाबा! अय्या, बाबा, दिसलात!"

"का गं? एरवी दिसत नव्हतो?"

चौकोन जरा इकडेतिकडे सरकले. मग म्हणाले, "तीन आठवडे एकच चित्र दिसत होतं हो. तुम्ही कॉल घ्यायला वाकता ना, तेवढंच. एक भुवई आणि अर्धं कपाळ. बोलणंही मधून मधून गळत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? कॉल लागला की पहिलं वाक्य तुमचं तेच, 'किती छान दिसतेस तू!' एवढे खूश होता तुम्ही. म्हटलं, राहू दे. बाबांना मी दिसते ना, झालं तर."

मी खिडकीतला उजेड तोंडावर नीट पडतोय ना, एवढं बघून घेतलं.

"डोक्यावर खूण कसली हो ती?"

"ती निराळी हकीकत आहे. सर्वज्ञांची."

"आणि दाढी केलीय! शर्ट इस्त्रीचा! कुठे निघालाय का?"

"छे. दर रविवारी असतो असाच."

चौकोनांमधून नाक ओढल्यासारखा आवाज आला. लाइनीचाही असू शकेल. मग ती म्हणाली, "बाबा, त्या माशाचं पुढे काय झालं? मला साहेबांनी पोच दिली इथपर्यंतच ऐकू आलं होतं."

मी खुर्ची पुढे ओढली. म्हटलं, "अगं, मासा म्हणजे पुरावा. तक्रार निकालात निघेपर्यंत पुरावा जिवंत ठेवायला हवा. साहेबांनी त्याला टेबलावरच्या काचेच्या जगमध्ये ठेवला. फाइल बंद करायला तळघरातल्या लोकांचा 'सदर मासा आमचा नाही' असा दाखला पाहिजे होता. तो त्यांनी अकरा वर्षं दिला नाही! जग गेला, पिंप आलं. पिंप गेलं, टाकी आली. साहेब बदलले चार, मासा तोच. कार्यालयातला सगळ्यात जुना माणूस तो! नवे साहेब रुजू झाले की पहिला आठवडा टाकीपाशी खुर्ची टाकून बसायचे आणि त्याच्याकडून कामकाज समजून घ्यायचे..."

मी थांबलो. इथे हसायचं असतं.

पडद्यावरचे चौकोन एकदम विस्कटले. तपकिरी वर गेले, निळे खाली आले, सगळे गदागदा हलायला लागले, आणि लेकीचं तोंड कुठे आहे ते मला कितीतरी वेळ कळलं नाही.